सहा बंदुका, एक वही

निघण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाइल, आधार कार्ड, गांधीजींचं चित्र असलेली नोट, यातलं काही सोबत नको. जिथे निघालोय तिथे गांधीजींना जाऊन जेमतेम चार महिने झालेत आणि नोटेवर अजून इंग्रजांचा सहावा जॉर्ज आहे. कनवटीला दोन तऱ्हेचे रुपये बांधा: हद्दीच्या अलीकडे चालणारे कलदार आणि पलीकडे चालणारे हाली. शंभर कलदारांना एकशे सोळा-सतरा हाली पडतात. हा हिशेब तोंडपाठ नसला तर करोडगिरी नाक्यावरचा शिपाई लगेच ओळखेल की पाहुणा इथला नाही.

जायचंय बीड जिल्ह्याच्या पश्चिम भागात, पाटोदा तालुक्यात. साल १९४८, महिना जून. ज्या गावात उतरायचंय त्याचं नाव नकाशात शोधू नका. हद्दीवरची अनेक गावं मिसळून ते उभं केलंय, आणि तुम्हाला भेटणारी गावची माणसंही तशीच. वर्षं, संस्था आणि नेते मात्र खरे आहेत.

जग बुडाल्यानंतरच्या कादंबऱ्या आपण चवीने वाचतो. सरकार उरलेलं नाही, तारा तुटल्यात, आणि उरलीसुरली माणसं गावाला काटेरी कुंपण घालून जुन्या बंदुका पुसत बसलीत. पाटोद्याला त्यासाठी जग बुडावं लागलं नाही. ठाणं होतं, तहसील होती, वसुलीला येणारे अंमलदार होते. फक्त रात्री गावावर कोणी चालून आलं तर ते ठाणं कुणाच्या बाजूने उभं राहील, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

जामखेडची बाजू, अमावास्येच्या आसपास

तुम्ही उभे आहात ते अंगण नगर जिल्ह्यात, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थानात आहे. पूर्वेला दिसणारी बालाघाटाची काळी रेघ निजामाची. आष्टी-पाटोद्याकडून आलेल्या गाड्या रांगेने सुटल्यात. गाडीत जातं, दोन पेट्या, बांधलेली शेळी आणि वर बसलेली म्हातारी. पेरणी तोंडावर आलेली असताना कुणबी गाव सोडतो, तेव्हा मागे काय घडलं असेल ते विचारावं लागत नाही.

तरीही थोडं सांगायला हवं. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने संस्थान भारतात विलीन केलं नाही. २९ नोव्हेंबरला ‘जैसे थे’ करार झाला. दिल्लीला वाटलं, वर्षभराची उसंत मिळाली. हैदराबादलाही तेच वाटलं. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे रझाकार गावोगाव कवायत करू लागले. त्यांचा पुढारी कासीम रझवी, लातूरचा वकील. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात आहेत. हेच स्वामीजी काही वर्षांपूर्वी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुलांना शिकवत होते. लढ्याची सूत्रं दिगंबरराव बिंदू यांच्या कृती समितीकडे आहेत, आणि गोविंदभाई श्रॉफ, अंबाजोगाईचे बाबासाहेब परांजपे यांच्यासारखी माणसं संस्थानाबाहेरून काम चालवताहेत. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांच्या हद्दीवर त्यांचे कॅम्प पडलेत. तिथून रात्री निघायचं, नाका जाळायचा, उजाडायच्या आत परतायचं.

या कॅम्पांवर तुम्हाला साताऱ्याकडची बोलीही ऐकू येते. प्रतिसरकारात तावून निघालेले काही जण इकडे उतरलेत, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी त्यांतलेच. साताऱ्याचं आणि बीडचं हे नातं पुढेही टिकलं: १९६७ साली बीडने प्रतिसरकारच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवलं.

कॅम्पवर नाका जाळायची तयारी असते. नाका जळाला की त्याचा सूड शेजारच्या गावावर निघतो, आणि गावाला रात्रीत उठून नगर जिल्ह्यात जाता येत नाही. म्हणून तुमच्या गावचे तिघे आज इथे आलेत. त्यांना बंदुका हव्यात.

कॅम्पातला माणूस आधी त्यांच्यापुढे वही टाकतो. लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याच्या दुकानात असते तशी. “आकडे कोन लिहील?” तिघे एकमेकांकडे बघतात. एकजण सांगतो, गुरुजी लिहितील. “मग गुरुजीला बोलवा. तवर बंदूक नाय.”

सौताड्याची चढण

सहा नगांपैकी दोन थ्री नॉट थ्री, एक बारा बोअर, तीन ठासणीच्या. थ्री नॉट थ्री चार किलोच्या आसपास भरते आणि लांबीला पावणेचार फुटांहून थोडी कमी. कडब्याच्या पेंढीत ती अशी बसते की बाहेरून काही दिसत नाही. अडचण एकच: जून महिन्यात, कडबा संपत आलेला असताना, एवढा चांगला कडबा डोक्यावर घेऊन अर्ध्या रात्री कोण निघतं?

म्हणून रस्ता सोडायचा. पुढे गावचा येसकर आहे, हातात काठी, पायात काही नाही. विंचरणा नदीच्या दरीत उतरताना तो तुमचा हात धरत नाही, फक्त थांबतो. पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा इथे कोसळतो; आज वरून खाली नुसता कोरडा कडा. दरीतल्या रामेश्वराच्या देवळापाशी सगळे टेकतात. येसकर लांब बसतो. तुम्ही त्याला जवळ बोलवायला तोंड उघडता, तोच तो म्हणतो, “ऱ्हाऊ द्या, दादा. मला हितूनच वाट दिसती.”

चढताना खांद्याला नळी रुतते. तुम्हाला वाटत होतं, बंदूक हातात आली की भीती जाईल. उलटंच होतंय. मघाशी तुम्ही वाट चुकलेले पाहुणे होता. आता सापडलात तर झडतीत काय निघेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

गढीतली शाळा

देशमुखांच्या पडक्या गढीत माणसं जमलीत. मारुतीच्या देवळात बसायचं ठरत होतं, पण येसकर आणि मांगवाड्यातले दोघे पायरी चढणार नाहीत आणि त्यांच्यावाचून राखण होणार नाही, म्हणून गढी.

शिकवायला आलेले हवालदार मराठा पलटणीतून इटलीपर्यंत जाऊन आलेत. मिशीला तेल, आवाज खाली. आधी ते ठासणीची बंदूक घेतात. नळीत दारूचं माप ओततात, वर चिंधी, गजाने ठासतात, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज. शेवटी कानाशी टोपी बसवतात. तुम्ही मनातल्या मनात आकडे मोजता. हवालदारांसारख्या सरावाच्या हातालाही चांगला पाऊण मिनिट लागतो. “एक बार,” ते म्हणतात. “त्यानंतर ही काठीच. दारू सर्दावली तर पयल्यापासूनच काठी.” समोरच्या पोरांचे चेहरे उतरतात. मग ते सांगतात की रझाकारांपैकी पुष्कळांच्या हातीही हीच आहे, आणि चेहरे पुन्हा वर येतात.

थ्री नॉट थ्री हातात आली की गढीत कुजबुज थांबते. बोल्ट वर, मागे, पुढे, खाली. मॅगझिनात दहा गोळ्या. तुमच्या हाती देतात तेव्हा बोल्ट सरकताना तेलाचा वास येतो आणि चापाला अगोदर थोडी ढील, मग अडखळ लागते. त्या अडखळीवर बोट थांबवायला शिकणं हेच आजचं सगळं शिक्षण. गोळी झाडायची नाहीच, कारण दोन रायफलींना मिळून काडतुसं आहेत चाळीस.

चाळीस म्हणजे काय, हे हवालदार समजावतात. घाबरलेला माणूस पाच मिनिटांत चाळीस उडवतो, अंधारात, बाभळीवर. रायफल वर्षानुवर्षं टिकते, काडतूस एकदाच. घरात दारू कुटता येते, छर्रे ओतता येतात, पण थ्री नॉट थ्रीचं काडतूस कारखान्यातच होतं. म्हणजे ज्याच्या हातात काडतुसांची पेटी, त्याच्या हातात गाव. तुम्ही वाचलेल्या जग बुडाल्यानंतरच्या गोष्टींत नायकाच्या गोळ्या कधी संपत नाहीत. इथे गुरुजी त्या शाईने लिहून घेताहेत.

मग खरा प्रश्न येतो: कुणाला द्यायच्या?

देशमुखांचा धाकटा म्हणतो, थ्री नॉट थ्री आमच्याकडे, वाड्याला माळवद आहे, वरून चौफेर दिसतं. पाटील मान डोलावतात. हवालदार विचारतात, गावात नेम कुणाचा? कोणी बोलत नाही. शेवटी एक पोरगं पचकतं, “फाशाचा.” फाशा म्हणजे गावाबाहेर पाल ठोकून राहणारा पारधी, अंधारात चाहुलीवर ससा टिपणारा. ठाण्यात त्याचं नाव आधीच चोर म्हणून लिहिलेलं. पाटील हसतात. “त्याला बंदूक दिली तर त्याच्यापून राखण कोन करील?”

आणि मुलाणी? भिंतीला टेकून बसलेला, चाळिशीचा. गावची बकरी हाच कापतो, पिराचा उरूस हाच भरवतो. रझाकारांची माणसं त्याला दोनदा न्यायला आली. एकदा ताप होता, एकदा तो परगावी गेला होता. खरंखोटं त्यालाच ठाऊक. तो उठून म्हणतो, “मला बंदूक देऊ नका. पन पहाऱ्याला माझं नाव लिवा. त्यांची बोली मला कळती. वेशीबाहेर कोन बोलतंय ते मी सांगंल.”

सगळे तुमच्याकडे बघतात. पाहुणा म्हणजे तिऱ्हाईत, आणि तिऱ्हाईताचं मत गावाला सोयीचं असतं. तुम्ही काय सांगाल? एकविसाव्या शतकातून आलात म्हणून तुमचं उत्तर शहाणपणाचं असेल असं नाही. वाड्यावर बंदूक दिली तर उद्या वसुली कुणाची होईल? फाशाला दिली तर पाटील परवा ठाण्यात जाऊन काय सांगतील?

ठरतं ते असं. बंदूक कुणाच्याच घरी जाणार नाही. दिवसा सहाही गढीच्या बळदात, दाराला दोन कुलपं. एक किल्ली पाटलांकडे, दुसरी येसकराकडे. रोज तिन्हीसांजेला वही उघडायची: नग, नाव, काडतुसं दिली इतकी. उजाडता परत: नग, काडतुसं आली इतकी, उडाली असतील तर कशावर. सही किंवा अंगठा. फाशाला ठासणीची मिळते, थ्री नॉट थ्री नाही. न्याय अर्धाच झाला, पण त्या काळच्या मानाने हेही कमी नव्हतं. मुलाण्याचा अंगठा पहिल्या रात्रीच्या रकान्यात उमटतो.

एक रात्र आणि त्यानंतरची दुपार

हल्ल्याची रात्र थोडक्यात सांगण्यासारखीच आहे. मुलाणी पिंपळावरून खाकरतो. शिवारात मशाली, तीसेक माणसं, आरडाओरडा. हवालदारांनी सांगितलेलं असतं की मशालींवर झाडायचं नाही, पांदीच्या तोंडाशी येईपर्यंत थांबायचं. थ्री नॉट थ्रीचे तीन बार होतात. चौथ्याची गरज पडत नाही. लुटायला आलेला जमाव प्रतिकाराला तोंड द्यायच्या तयारीने आलेला नसतो. समोरून एकदा उत्तर मिळालं की त्याला घर आठवतं. वहीत नोंद होते: काडतुसं उडाली तीन, शिल्लक सदतीस. पोरं गुलाल मागवायच्या गोष्टी करतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांची लॉरी येते.

आता सहा बंदुकांची खरी किंमत कळते. जमावापुढे त्या पुरतात. सरकारच्या लॉरीपुढे नाहीत. तिच्यामागे अंमल आहे, दारूगोळ्याचा कारखाना आहे. परदेशी वैमानिक सिडनी कॉटन रात्रीची विमानं भरून कराचीहून शस्त्रं आणतोय. गढीतून आज एक गोळी सुटली तर उद्या गाव उरणार नाही. हवालदार बळदाला कुलूप घालायला लावतात आणि बायकापोरांना दरीच्या वाटेने काढतात. दोन घरं जळतात, पाटलांना लाथा बसतात, पेवांतली ज्वारी लुटली जाते. बंदुकांनी गाव वाचवलं, ते एवढंच: एका रात्रीची सवड, आणि त्या सवडीत हद्द ओलांडलेली माणसं.

भाद्रपद

तीन महिने पुढे या. गणपतीचे दिवस आहेत. १३ सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी ती रीतसर दिली. १७ सप्टेंबर हा आपला मुक्तिसंग्राम दिन. गढीवर तिरंगा आहे, गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि तुम्हीही टाळ्या वाजवता. वाजवायलाच हव्यात.

परत फिरायची घाई मात्र करू नका. याच आठवड्यांत, इथून पूर्वेकडे, ज्यांच्या हातात काल बंदूक नव्हती त्यांच्या हातात आज आहे आणि ज्यांच्या हातात काल होती त्यांची जमा झालेली आहे. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठवलं. नोव्हेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत ते संस्थानभर फिरले. त्यांच्या अहवालानुसार उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत जास्त माणसं मारली गेली. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक मिळून किमान पाच हजार. संबंध संस्थानाचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा. आकड्यांवर वाद आहेत आणि तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. त्यातली एक नोंद आपल्या गोष्टीशी थेट जुळते: शस्त्रं जमा करण्याचा हुकूम सगळ्यांना सारखा होता, पण प्रत्यक्षात मुसलमानांकडची काढून घेतली गेली आणि हिंदूंकडे राहू दिली गेली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना आडोसा दिल्याच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत.

एका संध्याकाळी शेजारच्या गावचे सात-आठ जण गढीत येतात. त्यांच्याकडे घरं जळाल्याची खरी दुःखं आहेत आणि यादी आहे. त्यांना दोन्ही थ्री नॉट थ्री रातभर हव्यात. यादीत तुमच्या गावच्या मुलाण्याचंही नाव आहे.

देशमुखांचा धाकटा म्हणतो, देऊन टाका, आपल्याला काय करायचंय. पाटील किल्ली चाचपतात. येसकर आपली किल्ली काढतच नाही. “वहीत लिवा की, गुरुजी,” तो म्हणतो. “कोन नेतंय, कशापायी नेतंय, अन् मुलाण्यानं कव्हा कव्हा पहारा दिला ते बी वाचून दावा.” गुरुजी वाचू लागतात. जूनपासूनच्या रात्री, एकेका ओळीवर तोच अंगठा. आलेल्यांपैकी एकजण मधेच म्हणतो, “बास.” अंगठा देऊन बंदूक न्यायला कोणी तयार होत नाही. लाज वाटली की उद्याच्या चौकशीची भीती, ते त्यांचं त्यांना माहीत.

ही गोष्ट सुखान्त समजू नका. वही ठेवणारी अशी गावं किती असतील? शिवाय पुढे शस्त्रं जमा करायला अंमलदार येतो तेव्हा सहापैकी पाचच निघतात. बारा बोअर ‘विहिरीत पडली’ असं धाकटे देशमुख लिहून देतात. विहीर उपसायला कोणी सांगत नाही.

आता परत

मोबाइल चालू करा. जम्मूच्या डोडा भागात १९९५ साली गावरक्षण समित्या उभ्या राहिल्या, हातात हीच थ्री नॉट थ्री. कित्येक वाड्या त्यांनी वाचवल्या, आणि काही सदस्यांवर गंभीर गुन्हेही नोंदले गेले. छत्तीसगडमध्ये आदिवासी तरुणांना ‘विशेष पोलीस अधिकारी’ म्हणून बंदुका दिल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवून शस्त्रं परत घ्यायला सांगितलं. आणि आपल्या बीडमध्ये डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, त्यानंतर जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचं पुढे आलं. मग छाननी झाली, अनेक परवाने रद्द झाले. परवाना मागताना बहुतेकांनी कारण एकच लिहिलं असणार: जिवाला धोका. त्या जूनमधल्या पाटोद्याला ते कारण अक्षरशः खरं होतं, तरीही कॅम्पातल्या माणसाने आधी वही मागितली.

गाव घाबरलेलं असतं तेव्हा त्याला बंदूक देऊ नका म्हणणं सोपं आहे, विशेषतः पुण्या-मुंबईत बसून. ज्याच्या वेशीवर मशाली आल्यात त्याला ते सांगायला तोंड नसतं. द्यावीच लागेल. पण देणाऱ्याने देतानाच तीन ओळी लिहून घ्याव्यात: किल्ली कुणाकुणाकडे, काडतुसं कोण मोजणार आणि धोका टळला हे ठरवून परत घ्यायला कोण येणार. तिसरी ओळ कोरी ठेवली तर पहिल्या दोन कितीही सुवाच्य असोत, बारा बोअर विहिरीतच पडते.